कुस्करलेल्या बटाट्यात अमिनो आम्लं किती, आणि त्यातली कामाची किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मांस, मासे, अंडी खात नाहीत; दूध चालतं. वजनं उचलण्याचा व्यायाम करतात. रात्रीच्या जेवणात बहुतेक वेळा मॅश्ड पोटॅटो असतो, म्हणजे उकडून कुस्करलेला बटाटा आणि त्यात दूध-लोणी. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनाचे घटक; त्यातली नऊ शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, अन्नातूनच घ्यावी लागतात, म्हणून ती अत्यावश्यक. त्यांच्या फोनमधलं अ‍ॅप या पदार्थापुढे नऊच्या नऊ अत्यावश्यक अमिनो आम्लांना हिरवी खूण देतं आणि खाली 'संपूर्ण प्रथिन' असं लिहितं. व्यायामशाळेतला मित्र मात्र म्हणतो, बटाटा म्हणजे निव्वळ स्टार्च, त्यात प्रथिन शोधू नकोस. खरं कोणाचं? शिवाय यादीत अ‍ॅस्पार्टिक आम्लाचा आकडा एवढा फुगलेला का दिसतो? आणि शिजवताना, परत गरम करताना अमिनो आम्लं नष्ट होतात का?

अ‍ॅप बोलतंय ते प्रतीबद्दल आणि मित्र बोलतोय ते प्रमाणाबद्दल. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. एकाचं ऐकून दुसऱ्याला खोडायला गेलात तर मात्र फसाल. अन्नपदार्थांच्या तपासणीत माझा बराच काळ गेला आहे, आणि बटाट्याइतका गैरसमज करून देणारा प्रथिनाचा आकडा मी क्वचितच पाहिला आहे. म्हणून आधी त्या आकड्याकडेच पाहू.

१०० ग्रॅम कच्च्या बटाट्यात साधारण ७९ ग्रॅम पाणी, १७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आणि २ ग्रॅम प्रथिन असतं. सोलून उकडल्यावर प्रथिन १.७ ग्रॅमपर्यंत उतरतं, सालीसकट उकडला तर १.९ च्या जवळ राहतं. हे आकडे कोणत्याही पोषण तक्त्यात मिळतील. पण हे '२ ग्रॅम प्रथिन' कोणी प्रथिन मोजून काढलेलं नसतं. मोजलेला असतो नत्र, म्हणजे नायट्रोजन. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी जी पद्धत बसवली, तिचाच वंश आजही चालू आहे. नमुना संहत गंधकाम्लात उकळायचा, त्यातला सगळा नत्र अमोनियाच्या रूपात आणायचा, तो मोजायचा आणि ६.२५ ने गुणायचं. गुणायचं का, तर प्रथिनात सरासरी १६ टक्के नत्र असतो. गहू, दूध, मांस यांच्या बाबतीत हे गृहीतक बऱ्यापैकी चालून जातं. बटाट्यात ते लंगडतं, कारण बटाट्यातला जवळपास अर्धा नत्र प्रथिनात नसतोच. तो सुट्या, म्हणजे प्रथिनात न गुंफलेल्या, अमिनो आम्लांत असतो, आणि त्यातही सर्वांत जास्त अ‍ॅस्परजीनमध्ये. त्याखालोखाल ग्लुटामीन.

अ‍ॅस्परजीनचं गणित करून बघा. त्याच्या रेणूत नत्राचे दोन अणू असतात, त्यामुळे वजनाच्या २१ टक्के नत्र. समजा १०० ग्रॅम बटाट्यात ३०० मिलिग्रॅम सुटं अ‍ॅस्परजीन आहे. ही काही अतिशयोक्ती नाही. त्यातून सुमारे ६४ मिलिग्रॅम नत्र निघेल, त्याला ६.२५ ने गुणलं की हातात ४०० मिलिग्रॅम 'प्रथिन' येतं. म्हणजे ३०० मिलिग्रॅमच्या एका साध्या रेणूचं कागदावर ४०० मिलिग्रॅम प्रथिन झालं. २ ग्रॅमपैकी पाचवा हिस्सा असा एका सुट्या अमिनो आम्लावर उभा आहे.

तुमच्या अ‍ॅस्पार्टिक आम्लाचं कोडंही इथेच सुटतं. अमिनो आम्लं मोजायची तर आधी प्रथिनाचे दुवे तोडावे लागतात. त्यासाठी नमुना ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात, ११० अंश सेल्सिअसला, बंद नळीत २४ तास ठेवतात. या रगाड्यात अ‍ॅस्परजीन आपला अमाइड गट गमावून अ‍ॅस्पार्टिक आम्ल बनतं आणि ग्लुटामीनचं ग्लुटामिक आम्ल होतं. यंत्र शेवटी जे समोर असेल ते मोजतं. म्हणून १०० ग्रॅम बटाट्याला अ‍ॅस्पार्टिक आम्ल ४८० ते ५०० मिलिग्रॅम आणि ग्लुटामिक साधारण ३५० मिलिग्रॅम दिसतं, तर बाकीचं एकेक आम्ल १३० मिलिग्रॅमच्याही खाली. तक्त्यातल्या अ‍ॅस्पार्टिकचा मोठा भाग बटाट्यात अ‍ॅस्परजीन म्हणून होता. अ‍ॅपमध्ये काही बिघडलेलं नाही. ते फक्त तक्ता वाचून दाखवतंय.

जाता जाता, हेच आम्ल ट्रिप्टोफॅनचा पार फडशा पाडतं. त्यामुळे ट्रिप्टोफॅनसाठी वेगळा नमुना घेऊन तो अल्कलीत उकळावा लागतो. मिथिओनीन आणि सिस्टीन ही गंधकयुक्त जोडीही नाजूक. त्यांचं आधी परफॉर्मिक आम्लाने ऑक्सिडेशन करून घेतात, मग मोजतात. एका पदार्थाची पूर्ण अमिनो आम्ल यादी म्हणजे असे तीन वेगवेगळे प्रयोग. कोणी एकच नळी चालवून अठरा आकडे छापले असतील तर ट्रिप्टोफॅन आणि मिथिओनीनकडे मी संशयानेच बघतो.

आता उरलेला अर्धा नत्र, जो खरोखर प्रथिनात आहे. त्यात सर्वांत महत्त्वाचं पॅटॅटिन. कंदातल्या विद्राव्य प्रथिनांपैकी सुमारे ४० टक्के हेच असतं. कंदासाठी ते साठ्याचं प्रथिन, पण शिवाय स्निग्ध रेणू तोडणारं विकर म्हणूनही काम करतं. त्याच्या जोडीला प्रोटिएझ रोधक, म्हणजे प्रथिन पचवणाऱ्या विकरांना अडवणारी, बरीच मंडळी असतात. कंद कुरतडणाऱ्या किडीचं पचन बिघडवणं हा त्यांचा उद्योग. कच्चा बटाटा खाल्ला तर आपल्या पचनातही ते खोडा घालतात. बटाटा नीट आतपर्यंत उकडला की त्यातले बहुतेक निकामी होतात, आणि त्यांची स्वतःची अमिनो आम्लं आपल्या पदरात पडतात. पॅटॅटिनमध्ये लायसीन आणि ल्युसीन दोन्ही भरपूर. म्हणजे खरं प्रथिन उत्तम प्रतीचं आहे, आणि त्यात अ‍ॅस्परजीनचा भरणा मिसळून सरासरी खाली आली आहे. ती खाली येऊनही बटाटा उत्तीर्ण होतो, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

उत्तीर्ण होतो म्हणजे काय, ते आकड्यांत सांगतो. जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि संयुक्त राष्ट्र विद्यापीठ यांच्या २००७ सालच्या अहवालात प्रौढांसाठी प्रथिनाची एक आदर्श घडण दिली आहे : दर ग्रॅम प्रथिनामागे लायसीन ४५ मिलिग्रॅम, ल्युसीन ५९, मिथिओनीन आणि सिस्टीन मिळून २२, थ्रिओनीन २३, ट्रिप्टोफॅन ६, व्हॅलीन ३९. बटाट्यात ल्युसीन आणि लायसीन सोडून बाकीची आरामात पुढे आहेत. ट्रिप्टोफॅन तर जवळपास दुप्पट. लायसीन ५० ते ६० मिलिग्रॅम, म्हणजे तेही पास. गंधकयुक्त जोडी २७ च्या आसपास. अडखळतं ते ल्युसीन. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्याच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत १०० ग्रॅम कच्च्या बटाट्याला ल्युसीन कुठे १०० मिलिग्रॅमच्या किंचित खाली, तर कुठे १२५ च्या जवळ दिसतं. पहिला आकडा धरला तर ग्रॅममागे ४८ मिलिग्रॅम, म्हणजे बटाटा नापास; दुसरा धरला तर ६० च्या वर, म्हणजे काठावर पास. हिरवी खूण मिळणार की लाल, हे अ‍ॅपवाल्याने कोणती आवृत्ती भरली आहे त्यावर ठरतं.

या दोन आकड्यांत एक खरा आणि एक खोटा असं नाही. बटाट्याचा वाण, माती, साठवण, आणि सगळ्यात जास्त म्हणजे नत्रखत, यांनी हे प्रमाण हलतं. पिकाला नत्रखत जास्त दिलं की कंद तो जादा नत्र मुख्यतः अ‍ॅस्परजीनच्या रूपात साठवतो. मग केल्डालच्या हिशेबाने 'प्रथिन' वाढतं, पण दर ग्रॅम प्रथिनामागची अत्यावश्यक आम्लं घटतात. जास्त प्रथिनाचा बटाटा म्हणून जाहिरात केलेला माल प्रत्यक्षात जास्त अ‍ॅस्परजीनचा असू शकतो. म्हणून मी 'ग्रॅममागे मिलिग्रॅम' या आकड्यापेक्षा '१०० ग्रॅम पदार्थामागे मिलिग्रॅम' हा आकडा जास्त विश्वासाचा मानतो. पोटात जातो तो पदार्थ.

म्हणून तुमच्या ताटाकडेच वळू. ५०० ग्रॅम सोललेले बटाटे घ्या. उकडून निथळल्यावर साधारण ४८० ग्रॅम भरतील. त्यात १०० मिलिलिटर दूध आणि २५ ग्रॅम लोणी. एकूण पदार्थ ६०० ग्रॅमच्या जरा वर, म्हणजे तीन माणसांचा, प्रत्येकी २०० ग्रॅम. बटाट्याकडून प्रथिन आलं ८.२ ग्रॅम, दुधाकडून ३.३, लोण्याकडून जेमतेम ०.२. बेरीज ११.७ ग्रॅम, एका ताटात ३.९. १०० ग्रॅमला १.९ हा जो आकडा मॅश्ड पोटॅटोसाठी छापलेला दिसतो तो असा येतो.

यात दुधाचं काम बघा. वजनात ते एक षष्ठांश आहे, पण प्रथिनात त्याचा वाटा २८ टक्के. ल्युसीनमध्ये तर त्याहून जास्त, कारण दुधाच्या प्रथिनात ग्रॅममागे ल्युसीन सुमारे ९५ मिलिग्रॅम असतं. बटाट्याचं मधलं मूल्य ५५ धरलं तर बटाट्याकडून ४५० मिलिग्रॅम, दुधाकडून ३१५. एकूण ७६५ ला ११.७ ने भागलं की ६५ येतात. काठावरचा बटाटा दुधाच्या एका कपाने सुखरूप पार झाला. तुमच्या अ‍ॅपमधली ल्युसीनसमोरची हिरवी खूण बहुधा या दुधाची कमाई आहे.

एका ताटाचा, म्हणजे २०० ग्रॅमचा, अंदाज असा मांडता येईल : ल्युसीन २५५ मिलिग्रॅम, लायसीन २४०, व्हॅलीन २१०, थ्रिओनीन १४०, मिथिओनीन-सिस्टीन मिळून ११०, ट्रिप्टोफॅन ५०. आता ६० किलो वजनाच्या प्रौढाची रोजची सरासरी गरज त्याच २००७ च्या अहवालानुसार काढली तर ल्युसीन २,३४० मिलिग्रॅम, लायसीन १,८००, व्हॅलीन १,५६०, थ्रिओनीन ९००, मिथिओनीन-सिस्टीन ९००, ट्रिप्टोफॅन २४०. भागाकार केला की ल्युसीनची ११ टक्के गरज भागते, लायसीन आणि व्हॅलीनची १३ च्या आसपास, गंधकयुक्त जोडीची १२, ट्रिप्टोफॅनची २१. ही 'सरासरी' गरज आहे हे लक्षात असू द्या. प्रथिनाची सरासरी गरज किलोला ०.६६ ग्रॅम आणि सुरक्षित पातळी, म्हणजे जवळजवळ सगळ्यांना पुरेल अशी मात्रा, ०.८३ ग्रॅम असते. बरीच अ‍ॅप्स अमिनो आम्लं पहिल्या मापाने आणि प्रथिन दुसऱ्या मापाने मोजतात, म्हणून अमिनो आम्लांचे टक्के बहुधा प्रथिनाच्या टक्क्यांपेक्षा जास्त दिसतात. त्यात काही जादू नाही. शिवाय बटाट्याचं प्रथिन शंभर टक्के पचत नाही. दहा ते वीस टक्के वजावट धरा.

थोडक्यात एका ताटाने दिवसाची आठवा-दहावा हिस्सा गरज भागते. वाईट नाही. पण रात्रीच्या जेवणातला प्रथिनाचा मुख्य पदार्थ म्हणून हे ताट मांडलं असेल तर जेवणात प्रथिनाला वालीच नाही.

दूध बदललं की हे सगळं गणित बदलतं, आणि इथे लोक हमखास गाफील राहतात. सोयाचं दूध वापरलंत तर फारसा फरक नाही, त्यात प्रथिन गाईच्या दुधाच्या जवळपास असतं. बदामाचं किंवा ओटचं पेय वापरलंत तर १०० मिलिलिटरला बहुधा अर्धा ते एक ग्रॅम प्रथिन, म्हणजे दुधाने केलेली डागडुजी गेली. साय किंवा क्रीम घातली तर चव वाढते, प्रथिन दुधापेक्षा कमीच मिळतं. लोण्याचा प्रथिनाशी संबंध नाही. उलट ते उष्मांक वाढवून प्रथिनाचा वाटा पातळ करतं. वरच्या ताटात लोणी नसेल तर सुमारे १६० किलोकॅलरी आणि त्यातल्या १० टक्के प्रथिनातून. लोणी घातल्यावर २२० किलोकॅलरी आणि ७ टक्के. ५० ग्रॅम प्रथिन फक्त या पदार्थातून काढायचं ठरवलंत तर तेरा ताटं आणि २,८०० किलोकॅलरी लागतील. मित्राचं म्हणणं कुठून येतं ते इथे कळतं.

आणि तरीही, फक्त बटाट्यावर माणूस नत्राच्या तोट्यात न जाता राहू शकतो, हे प्रयोगाने दाखवलेलं आहे. १९२८ साली कॉन आणि क्लाइन यांनी एक पुरुष आणि एक स्त्री यांच्यावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. १६७ दिवस दोघांच्या आहारातला नत्र जवळजवळ सगळा बटाट्यातून येत होता. जोडीला स्निग्ध पदार्थ आणि थोडी फळं. पुरुषाला रोज ५.७ ग्रॅम नत्र, स्त्रीला ३.८. आपल्या ६.२५ ने गुणलं तर साधारण ३६ आणि २४ ग्रॅम प्रथिन. दोघांचा नत्राचा ताळेबंद जुळलेला राहिला, म्हणजे शरीरात जेवढा नत्र आला तेवढाच बाहेर गेला. २४ ग्रॅम ही आजच्या सुरक्षित पातळीपेक्षा बरीच खालची मात्रा आहे. अ‍ॅस्परजीन अगदीच फुकट जात नाही, हे यातून दिसतं. शरीराला अत्यावश्यक आम्लांखेरीज साधा नत्रही लागतो, ज्यातून ते बाकीची अमिनो आम्लं घरच्या घरी बनवतं. बटाट्याचं अ‍ॅस्परजीन ती गरज भागवतं आणि मोजकं लायसीन-ल्युसीन त्यांच्या मूळ कामासाठी मोकळं राहतं. मात्र या प्रयोगाचा हवाला देऊन 'बटाटा पुरेसा आहे' असं म्हणणाऱ्यांनी रोज दीड-दोन किलो बटाटे खायची तयारीही ठेवावी. आणि नत्र समतोल म्हणजे आहे ते टिकवणं. तुम्हाला स्नायू वाढवायचे आहेत.

स्नायूंच्या बाबतीत एका वेळच्या जेवणात दोन ते तीन ग्रॅम ल्युसीन असावं, असा एक व्यवहारी अंदाज व्यायामशास्त्रात वापरला जातो. तुमच्या ताटात पाव ग्रॅम आहे. तुम्ही कदाचित वाचलं असेल की २०२२ साली नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्ट विद्यापीठाच्या संशोधकांना, व्यायामानंतर ३० ग्रॅम बटाटा प्रथिन घेतलेल्या आणि ३० ग्रॅम दूध प्रथिन घेतलेल्या तरुणांमध्ये स्नायूंतल्या प्रथिननिर्मितीचा वेग सारखाच आढळला. अभ्यास चांगला आहे, पण त्यात दिलं होतं ते बटाट्याच्या रसातून वेगळं काढलेलं संहत प्रथिन. ते काढताना अ‍ॅस्परजीन, साखर, स्टार्च सगळं मागे राहतं आणि पॅटॅटिन व मंडळी तेवढी हाती येतात. त्याचं श्रेय कुस्करलेल्या बटाट्याला देता येत नाही. तेवढंच ३० ग्रॅम प्रथिन उकडलेल्या बटाट्यातून घ्यायचं तर पावणेदोन किलो बटाटा एका बैठकीत संपवावा लागेल.

मग करायचं काय? माझ्या मते सर्वांत सोपा उपाय डब्यातल्या स्निग्धरहित दूध पावडरीत आहे. १०० ग्रॅम पावडरीत सुमारे ३६ ग्रॅम प्रथिन. वरच्या तीन ताटांच्या मापात ३० ग्रॅम पावडर दुधात कालवून घातली तर पदार्थ जरा दाट होतो, चवीत थोडा गोडवा येतो, आणि प्रथिन ११.७ वरून २२.५ ग्रॅमवर जातं. ताटागणिक साडेसात ग्रॅम प्रथिन आणि ल्युसीन ६०० मिलिग्रॅमच्या आसपास. तरी मुख्य पदार्थ दुसराच हवा : शिजवलेली कडधान्यं, चीज, सोया, जे तुम्हाला रुचेल ते. बटाटा सोबतीला.

सोबत म्हणून बटाटा गुणी आहे, पण त्याच्याकडून भलत्या अपेक्षा ठेवू नका. नेहमी सांगितलं जातं की गव्हात लायसीन कमी आणि बटाट्यात बरं, म्हणून पावासोबत बटाटा खाल्ला की जोडी जमली. कागदावर बरोबर आहे. १०० ग्रॅम पावात साडेआठ ग्रॅम प्रथिन आणि सुमारे २१० मिलिग्रॅम लायसीन धरा. त्यात ३०० ग्रॅम उकडलेला बटाटा घातला तर प्रथिन १३.६ ग्रॅम आणि लायसीन ५०० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे ग्रॅममागे ३७. ठरलेल्या ४५ पर्यंत अजून पोहोचलो नाही. त्याऐवजी फक्त २०० मिलिलिटर दूध घेतलं असतं तर ४८ वर गेलो असतो. बटाट्यात लायसीनची प्रत आहे, पण भर घालायला त्याच्याकडे फारसं काही शिल्लक नाही.

अंड्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, खातही नाही, पण इतर वाचणाऱ्यांसाठी सांगून टाकतो. जर्मनीत कोफ्रानी आणि येकाट यांनी १९६० च्या दशकात प्रथिनांच्या मिश्रणांचं जैविक मूल्य, म्हणजे शरीर ते प्रथिन किती कामी लावतं याचं माप, तपासलं. अंड्याचं १०० धरलं, तर साधारण ३५ टक्के अंड्याचं आणि ६५ टक्के बटाट्याचं प्रथिन या मिश्रणाला १३६ च्या आसपास मूल्य मिळालं, दोघांच्याही सुट्या मूल्यापेक्षा वरचं. हा आकडा सगळीकडे फिरतो, फक्त एक गोष्ट गाळून : ते प्रमाण प्रथिनाचं आहे, वजनाचं नाही. एका अंड्याला साडेपाचशे-सहाशे ग्रॅम बटाटा लागतो.

ज्यांना अमिनो आम्लं मोजून खावी लागतात त्यांच्यासाठी दोन शब्द. फिनाइलकिटोन्युरिया या जन्मजात आजारात शरीराला फिनाइलअ‍ॅलानीन हे अमिनो आम्ल नीट वापरता येत नाही, म्हणून अशा व्यक्तीला ते मर्यादेत ठेवावं लागतं. १०० ग्रॅम बटाट्यात ते ८० ते ९० मिलिग्रॅम असतं, म्हणून बटाटा वजन करूनच घेतात. पण साध्या उकडलेल्या बटाट्याचा आकडा दूध घातलेल्या मॅशला लावला तर हिशेब चुकतो, कारण दुधाचं फिनाइलअ‍ॅलानीन त्यात जमा होतं. अशा घरी दूध वेगळं मोजा किंवा आहारतज्ज्ञाने सांगितलेलं कमी प्रथिनाचं पेय वापरा. अंदाजाने चालवू नका.

आता शिजवण्याचा प्रश्न. उकळत्या पाण्याच्या तापमानाला अमिनो आम्लं नष्ट होत नाहीत. वर सांगितलं तसं, त्यांना तोडून मोजायला तीव्र आम्ल आणि चोवीस तास लागतात, आणि तेव्हाही बहुतेक टिकतात. उकडताना जी घट होते ती पाण्यात उतरल्याने. प्रथिनं उष्णतेने गोठून पेशीतच बसतात, सुटी अमिनो आम्लं मात्र विरघळून निघून जातात. बटाटा सोलून, लहान तुकडे करून, भरपूर पाण्यात उकळला की घट सर्वांत जास्त. सालीसकट अख्खा उकडला की सर्वांत कमी. गंमत अशी की पाण्यात जातं ते मुख्यतः अ‍ॅस्परजीन-ग्लुटामीनसारखं सुटं सामान, म्हणजे अत्यावश्यक आम्लांचं नुकसान प्रथिनाच्या आकड्यातल्या घटीपेक्षा कमी असतं. ते पाणी थोडं राखून मॅश सैल करायला वापरलंत तर चवही सुधारते. बटाट्याच्या रुचकरपणात सुट्या ग्लुटामिक आम्लाचा हात आहे. मूत्रपिंडाच्या आजारामुळे पोटॅशियम कमी करायला सांगितलं असेल तर मात्र ते पाणी टाकूनच द्यायचं, कारण पोटॅशियमही त्याच वाटेने बाहेर येतं.

तळण्या-भाजण्याचं रसायन वेगळं. तिथे पृष्ठभाग कोरडा होऊन तापमान १२० अंशांच्या वर जातं आणि अमिनो आम्लं साखरेशी अभिक्रिया करू लागतात. तपकिरी रंग आणि खमंग वास त्यातूनच येतो, आणि त्यात लायसीनचा काही भाग खर्ची पडतो. अ‍ॅस्परजीनपासून अ‍ॅक्रिलामाइड, म्हणजे आरोग्याला घातक असल्याचा संशय असलेलं रसायन, तयार होतं तेही याच टप्प्यात. २००२ साली स्वीडनच्या संशोधकांनी ते अन्नात दाखवून दिल्यावर बटाट्याचे चिप्स एकदम चर्चेत आले. बटाट्यात अ‍ॅस्परजीनची कमतरता कधीच नसते, म्हणून अ‍ॅक्रिलामाइड किती होणार हे बहुधा साखरेवर ठरतं. फ्रिजच्या थंडीत ठेवलेल्या बटाट्यात ती साखर वाढते, म्हणून तळायचे बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नयेत. उकडून केलेल्या मॅशला हा प्रश्न लागू होत नाही. चिप्सच्या पाकिटावर १०० ग्रॅमला सहा-सात ग्रॅम प्रथिन लिहिलेलं दिसतं, त्यानेही हुरळू नका. पाणी उडाल्याने आकडा वाढलाय, आणि सोबत ५०० च्या वर किलोकॅलरी आहेत.

पाकिटातल्या सुक्या फ्लेक्सपासून मॅश करत असाल तर वाळवताना लायसीनला थोडा फटका बसलेला असतो, आणि पाण्यात कालवलं तर दुधाचा वाटाही नाही. दुधात कालवा. शिळा मॅश परत गरम करायला हरकत नाही; मायक्रोवेव्हमध्ये किंवा मंद आचेवर पाच मिनिटांनी अमिनो आम्लांत मोजण्याजोगा फरक पडत नाही. ओव्हनमध्ये वरून तांबूस पापुद्रा येईपर्यंत ठेवला तर त्या पातळ थरातलं थोडं लायसीन जाईल. तो थर एवढासा असतो की मी स्वतः त्यासाठी खमंगपणा सोडणार नाही.